स्काऊट पथकातील मुलांना हॅम रेडिओची ओळख नेमकी कोठून करून द्यावी?

प्रश्न — स्काऊटमास्टर, सातारा जिल्हा

नमस्कार. सातारा जिल्ह्यातील एका मराठी माध्यमाच्या शाळेत मी विज्ञान शिकवतो आणि शाळेचे स्काऊट पथकही सांभाळतो. पथकात पाचवी ते नववीची मुले आहेत. त्यांपैकी बहुतेकांचे द्वितीय सोपानाचे (स्काऊट प्रशिक्षणातील एका पायरीचे) काम सुरू आहे. ऑक्टोबरमध्ये जगभरचे स्काऊट हौशी रेडिओ केंद्रांवरून परस्परांशी संपर्क साधतात, त्या 'जांबोरी ऑन द एअर' म्हणजेच 'जोटा' या उपक्रमात आपल्या पथकानेही भाग घ्यावा, असे मला मनापासून वाटते. आमच्या भागातील एका परवानाधारक हॅमनी, म्हणजे हौशी रेडिओचालकांनी, आपला संच घेऊन शिबिरात येण्याची तयारीही दाखवली आहे.

तथापि या विषयाची माझी माहिती पुस्तकी आहे आणि काही बाबतींत मन साशंक आहे. पहिली शंका कायद्याची. परवाना नसलेल्या मुलाने परवानाधारकाच्या शेजारी बसून माइकवर दोन वाक्ये बोलली तर ते नियमात बसते का? दुसरी शंका अशी की, एका पालकांनी उत्साहाने 'ऑनलाइन स्वस्तात वॉकी-टॉकी मिळतात, मी पथकासाठी चार-सहा घेऊन देतो' असे सांगितले आहे. त्यांना हो म्हणावे की नाही, हे मला ठरवता येत नाही.

तिसरी अडचण अध्यापनाची आहे आणि माझ्या दृष्टीने तीच सर्वांत मोठी आहे. संच मांडला, हॅमनी दोन तास कोणाशी तरी इंग्रजीत संभाषण केले आणि मुलांनी ते मागे बसून पाहिले, एवढ्यावर हा उपक्रम संपू नये. मुलांच्या हाताला काम मिळाले पाहिजे. शाळेकडे यासाठी वेगळा निधी नाही. प्रयोगशाळेत काही मल्टिमीटर, एक सोल्डरिंग आयर्न आणि एक जुना ट्रान्झिस्टर रेडिओ एवढेच साहित्य आहे. ज्यांनी मुलांसोबत प्रत्यक्ष हे काम केले आहे, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर — परवानाधारक हॅम, पुणे

सर, कायद्याची शंका आपण आधी विचारलीत हे बरे केले, कारण उत्साहाच्या भरात बहुतेक ठिकाणी हाच भाग शेवटी आठवतो.

भारतात हौशी रेडिओ केंद्र चालवण्याचा अधिकार परवानाधारकाला, किंवा त्याच्या केंद्रावर आलेल्या दुसऱ्या परवानाधारकाला असतो. काही देशांत परवानाधारकाच्या देखरेखीखाली मुलांना माइकवर बोलू दिले जाते आणि जोटाची जी छायाचित्रे आपण पाहतो ती बरीचशी तेथली असतात. ती पाहून आपल्याकडेही तसेच चालत असेल असे गृहीत धरू नये. आंतरराष्ट्रीय रेडिओ नियमावलीच्या २५ व्या अनुच्छेदानुसारही, तिसऱ्या व्यक्तीच्या वतीने परदेशी संदेश पाठवणे हे आणीबाणी आणि आपत्ती-साहाय्य यांपुरतेच मर्यादित ठेवले आहे. म्हणून माझे स्पष्ट मत असे की, आपल्या हॅम मित्रांनी परवान्याच्या अटी पुन्हा वाचाव्यात, गरज वाटल्यास दूरसंचार विभागाच्या वायरलेस प्लॅनिंग अँड कोऑर्डिनेशन विंगकडे लेखी विचारणा करावी आणि लेखी होकार हाती नसेल तर मुलांच्या हाती माइक देऊ नये. दुसरे असे की परवान्यावर केंद्राचा पत्ता नोंदलेला असतो. शिबिराच्या मैदानावर तात्पुरते केंद्र उभारायचे असेल तर त्याबाबतची पूर्तता त्यांनी आधीच करून ठेवायला हवी. शिबिराच्या सकाळी ती होत नाही.

पालकांच्या वॉकी-टॉकींना सध्या नकार द्यावा. ऑनलाइन स्वस्तात मिळणारे अनेक हातसंच वारंवारितांच्या मोठ्या पट्ट्यात प्रक्षेपण करू शकतात. त्यात पोलीस, रेल्वे, अग्निशमन दल अशा सेवांच्या वारंवारिताही येतात. असा संच परवान्याशिवाय वापरणेच नव्हे, तर नुसता बाळगणेही नियमबाह्य आहे. अशा संचांच्या विक्रीची केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२५ साली दखल घेतली आणि ई-कॉमर्स संकेतस्थळांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. परवान्याची गरज नसलेला एक छोटा पट्टा मात्र आहे, तो म्हणजे ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ. केवळ या पट्ट्यात चालणारे, कमी शक्तीचे आणि उपकरण-मान्यता मिळालेले संच असतील तर ते मुलांच्या हाती देता येतात. खरेदीपूर्वी मान्यतेचे प्रमाणपत्र मागावे. विक्रेता टाळाटाळ करू लागला तर पुढे बोलण्याची आवश्यकता नाही.

आता परवान्याविषयी, कारण मला त्यातच खरी संधी दिसते. आपल्याकडे हौशी केंद्रचालकाच्या परीक्षेसाठी किमान वय १२ वर्षे आहे. म्हणजे आपल्या पथकातील सातवीपासून पुढची बरीच मुले पात्र ठरतात. परीक्षेच्या दोन श्रेणी आहेत. रिस्ट्रिक्टेड श्रेणीला एक तासाची ५० गुणांची लेखी परीक्षा असते, तिचा एक भाग रेडिओच्या सिद्धान्ताचा आणि दुसरा नियमांचा. जनरल श्रेणीसाठी लेखी परीक्षा १०० गुणांची असते आणि शिवाय मिनिटाला आठ शब्द या वेगाने मोर्स (टिंब-रेघांची संकेतलिपी) पाठवता व ऐकून उतरवता यावे लागते. उत्तीर्ण झालेल्या मुलाला स्वतःचे नाव-चिन्ह म्हणजे कॉलसाइन मिळते; साधारणपणे रिस्ट्रिक्टेड श्रेणीला 'व्हीयू३' ने आणि जनरलला 'व्हीयू२' ने सुरू होणारे. ज्या मुलाच्या स्वतःच्या नावावर असे कॉलसाइन आहे, त्याला माइकवर बोलण्यासाठी कोणाचीही दया लागत नाही. म्हणून यंदाचा जोटा हा ऐकण्याचा आणि शोधण्याचा ठेवावा आणि पुढील जोटापर्यंत दोन-तीन मुले परवानाधारक व्हावीत, हे उद्दिष्ट धरावे, अशी माझी सूचना आहे.

उत्तर — गाईड कॅप्टन, कोल्हापूर

वरील उत्तरातील कायद्याच्या भागाशी मी पूर्ण सहमत आहे, परंतु 'यंदा फक्त ऐकणे' या सूचनेशी नाही. दहा-बारा वर्षांच्या मुलींना शांत बसून खरखरीतून अर्धवट इंग्रजी वाक्ये ऐकायला सांगितले की पंधरा मिनिटांत त्यांचे लक्ष उडते, आणि ज्या उरतात त्या शिक्षकांच्या भिडेने बसून राहतात. मुलांना बोलायचे असते. ते बोलणे नियमात कसे बसवायचे हा आपला प्रश्न आहे, त्यांचा नाही.

आम्ही यासाठी वर सांगितलेल्या परवानामुक्त पट्ट्यातील संचांचा उपयोग केला. संघ वेगवेगळ्या ठिकाणी पाठवले, प्रत्येक संघाला एक संच व एक वही दिली आणि सर्वांसाठी मिळून एक नियंत्रण केंद्र ठेवले. नियंत्रण केंद्राने हाक मारल्याशिवाय कोणी बोलायचे नाही, प्रत्येक संदेश आधी कागदावर लिहायचा, संदेशातील शब्द मोजून ती संख्या आधी सांगायची आणि ऐकणाऱ्याने संदेश परत वाचून दाखवायचा, एवढेच नियम होते. यालाच हॅम मंडळी 'नेट' म्हणतात. सुरुवातीला सगळ्या जणी एकाच वेळी बटण दाबतात आणि कोणालाच काही ऐकू येत नाही. तो गोंधळ पाच मिनिटे होऊ द्यावा, मध्ये पडू नये. त्यानंतर नियंत्रण केंद्र कशासाठी असते हे मुली आपोआप एकमेकींना सांगू लागतात.

दुसरा अनुभव अक्षरांच्या उच्चाराचा. अल्फा, ब्राव्हो, चार्ली ही आंतरराष्ट्रीय वर्णमाला मुलांना फार आवडते, कारण ती गुप्त भाषेसारखी वाटते. परंतु ती तक्ता पाठ करून घेऊन शिकवू नये. प्रत्येकीने आपले नाव त्या वर्णमालेत सांगायचे आणि इतरांनी ते लिहून घ्यायचे, असा खेळ एका संध्याकाळी घेतला तरी सर्वांना ती येते. गावांची नावे घेतल्यास अधिक मजा येते. 'शिरोळ' आणि 'शिराळा' यांतला फरक खरखरीतून ऐकू येत नाही, हे कळले की अक्षरे का फोडून सांगायची याचे कारण वेगळे समजावावे लागत नाही.

आणि हो, मोर्ससाठी कागदावर टिंबे-रेघा काढून देऊ नयेत. मोर्स हा कानाने शिकायचा विषय आहे. प्रत्येक अक्षर पूर्ण वेगाने वाजवावे, फक्त दोन अक्षरांमधील अंतर मोठे ठेवावे. टिंबे मोजण्याची सवय एकदा लागली की मिनिटाला पाच-सहा शब्दांपुढे वेग जात नाही आणि ती मोडणे फार अवघड असते.

उत्तर — इलेक्ट्रॉनिक्स शिक्षक, नाशिक

आपल्याकडे एक जुना ट्रान्झिस्टर आहे असे आपण अगदी जाता जाता लिहिले आहे, परंतु माझ्या मते पहिल्या शिबिरासाठी तेच सर्वांत मोलाचे साधन आहे. हे थोडे विस्ताराने सांगतो.

मध्यम लहरींच्या साध्या रेडिओत फेराइटची एक दांडी असते आणि तिच्याभोवती तार गुंडाळलेली असते. तीच त्या रेडिओची अँटेना. दांडी प्रक्षेपण केंद्राच्या दिशेशी काटकोनात असेल तर आवाज जास्तीत जास्त येतो, आणि दांडीचे टोक केंद्राकडे रोखले की आवाज एकदम पडतो. सर्वाधिक आवाजाची दिशा नेमकी सांगता येत नाही, पण आवाज पडण्याची दिशा अगदी काही अंशांपर्यंत अचूक पकडता येते. मुलांना रेडिओ आडवा धरून सावकाश फिरवायला सांगावे, आवाज पडला की थांबावे आणि दांडीच्या रेषेत होकायंत्र ठेवून अंश वाचावेत. होकायंत्र आणि नकाशावाचन हे तर स्काऊटच्या अभ्यासक्रमातच आहे. येथे त्याला खरा उपयोग मिळतो.

साताऱ्याजवळ शिबिर असेल तर आकाशवाणी पुणे ७९२ किलोहर्ट्झवर, सांगली १२५१ वर आणि रत्नागिरी ११४३ वर शोधावे. आकाशवाणीची काही मध्यम लहरींची प्रक्षेपणे अलीकडे बंद झाली आहेत, त्यामुळे कोणती केंद्रे ऐकू येतात हे शिबिराच्या आधी स्वतः तपासून पाहावे आणि गरजेनुसार दुसरी निवडावीत. प्रत्येक केंद्रातून नकाशावर मोजलेल्या दिशेची रेषा काढली की त्या जेथे छेदतात तेथे आपले शिबिर असायला हवे. येथे एक गंमत मुलांनाच शोधू द्यावी. साताऱ्याहून पुणे जवळजवळ उत्तरेला आणि सांगली आग्नेयेला आहे, त्यामुळे या दोन रेषा एकमेकींना फार लहान कोनात छेदतात आणि दिशेत दोन-चार अंशांची चूक झाली तरी छेदनबिंदू कित्येक किलोमीटर सरकतो. रत्नागिरी नैर्ऋत्येला असल्यामुळे पुणे-रत्नागिरी ही जोडी कितीतरी चांगले उत्तर देते. आपल्याला स्थान शोधण्यासाठी कोणती केंद्रे निवडावीत, हा भूमितीचा धडा याहून चांगल्या रीतीने शिकवता येईल असे मला वाटत नाही. एक काळजी घ्यावी. हा प्रयोग दिवसाच करावा. सूर्यास्तानंतर मध्यम लहरी आयनांबरावरून (वातावरणातील उंचावरच्या विद्युतभारित थरावरून) परावर्तित होऊन दूरवर जाऊ लागतात आणि जमिनीवरून आलेल्या लहरींत मिसळतात. त्यामुळे आवाज पडण्याची जागा पुसट होते आणि दिशा चुकते. पण रात्री तोच रेडिओ पुन्हा हाती द्यावा. दिवसा जेथे शांतता होती तेथे आता परराज्यांतील केंद्रे ऐकू येतात, आणि रात्री लांबची केंद्रे का येतात हा प्रश्न मुले स्वतःच विचारतात. आयनांबर त्यानंतर शिकवावे, आधी नाही.

याच ट्रान्झिस्टरने गोंगाटाचा शोधही घेता येतो. दोन केंद्रांच्या मधल्या रिकाम्या जागी काटा ठेवून रेडिओ एलईडी दिवा, मोबाइलचा चार्जर, इन्व्हर्टर यांच्याजवळ न्यावा. कोणते उपकरण किती गुरगुरते याची यादी मुले करतात. पुढे संचाची अँटेना शाळेच्या इमारतीपासून दूर का बांधायची, हे त्यांना या यादीवरूनच पटते.

यापुढची पायरी म्हणजे 'फॉक्स हंट'. आपल्या हॅम मित्रांनी १४४ ते १४६ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात कमी शक्तीवर ठरावीक वेळाने प्रक्षेपण करायचे आणि लपून बसायचे. मुलांनी दिशादर्शक अँटेनेने त्यांना शोधायचे. प्रक्षेपण फक्त परवानाधारक करतो आणि मुले केवळ ऐकतात, त्यामुळे वरच्या चर्चेतला कायद्याचा प्रश्न येथे उद्भवत नाही. अँटेना पीव्हीसी पाइप आणि सुताराची पोलादी मोजपट्टी कापून घरी बनवता येते. मोजपट्टी वाकते आणि पुन्हा सरळ होते, म्हणून झुडपांतून पळणाऱ्या मुलांच्या हाती ती टिकते. तिच्या टोकांना चिकटपट्टी गुंडाळायला विसरू नये, कारण कापलेले पोलाद धारदार असते. अँटेना नसेल तरी साधा ग्रहण-संच छातीशी धरून जागच्या जागी फिरले तर शरीराच्या आडोशाने संकेत कमी होतो आणि लपलेला 'फॉक्स' पाठीमागे आहे हे कळते. जवळ पोहोचल्यावर संकेत सर्व दिशांनी सारखाच जोरात येऊ लागतो आणि मुले गोंधळतात. अशा वेळी संच किंचित वेगळ्या वारंवारितेवर न्यावा, म्हणजे तो पुन्हा क्षीण होऊन दिशा सापडते.

पुन्हा प्रश्नकर्ता — स्काऊटमास्टर, सातारा जिल्हा

आपणा सर्वांचे आभार. मध्यम लहरींचा प्रयोग मी शाळेच्या गच्चीवर करून पाहिला. पुणे केंद्राची दिशा इतकी स्पष्ट मिळाली की आता हा प्रयोग संघनायकांना आधी शिकवून मग त्यांच्याकडूनच इतर मुलांना शिकवावा, असे ठरवले आहे. पालकांना वॉकी-टॉकींबाबत नकार कळवला. त्यांनी त्याऐवजी दोन ट्रान्झिस्टर देण्याचे मान्य केले.

जोटाच्या दिवसांबाबत मात्र अजून दोन गोष्टी विचारायच्या आहेत. आमचे हॅम मित्र शाळेच्या मैदानात अँटेना बांधणार आहेत. त्या काळात आमच्याकडे परतीचा पाऊस असू शकतो, आणि शाळेची प्रथम सत्र परीक्षाही त्याच सुमारास येते. अशा स्थितीत नियोजन कसे करावे? आणि मुलांनी त्या दिवशी प्रत्यक्ष काय ऐकावे, कोणत्या वेळी?

उत्तर — परवानाधारक हॅम, पुणे

गाईड कॅप्टनबाईंचा मुद्दा मला मान्य आहे. नेटचा खेळ शिबिराच्या पहिल्याच दिवशी घ्यावा. माझा आग्रह माइकच्या नियमापुरता होता.

जोटा ऑक्टोबरच्या तिसऱ्या शनिवार-रविवारी, शुक्रवारपासूनच सुरू होतो. परीक्षेशी तो जुळत नसेल तर संपूर्ण शिबिर त्या दिवसांत भरवण्याचा अट्टहास करू नये. दिशाशोध, नेट, मोर्स हे सगळे गणेशोत्सवानंतरच्या एखाद्या शनिवारी-रविवारी उरकावे आणि जोटाच्या शनिवारी फक्त तीन तास ठेवावेत. या उपक्रमाची मुळे १९५७ साली इंग्लंडमधील सटन पार्क येथे भरलेल्या जागतिक जांबोरीत आहेत. तेथे आलेल्या हॅम स्काऊटांनी एकमेकांशी रेडिओवरून भेटत राहायचे ठरवले आणि लेस मिचेल या ब्रिटिश हॅमच्या पुढाकाराने १९५८ साली पहिला जोटा झाला. मुलांना हे सांगावे, पण दोन वाक्यांत. इतिहासाचे भाषण करू नये.

वेळेबद्दल. ७ मेगाहर्ट्झचा पट्टा दिवसा काही शे किलोमीटरपर्यंतच्या संपर्कासाठी उत्तम, म्हणजे सकाळी तेथे महाराष्ट्र, कर्नाटक, गुजरात येथील केंद्रे ऐकू येतील आणि हिंदी, कधी मराठीतले संभाषणही कानी पडेल. ज्या मुलांना इंग्रजी अवघड जाते त्यांच्यासाठी सुरुवात येथूनच करावी. दुपारनंतर आणि संध्याकाळी १४ मेगाहर्ट्झ व त्यावरील पट्टे युरोप आणि पूर्व आशियाकडे उघडतात. स्काऊटांसाठी ठरलेल्या भेटीच्या वारंवारितांमध्ये १४.२९० आणि २१.३६० मेगाहर्ट्झ यांचा समावेश आहे. त्यांच्या आसपास शोधावे. त्याच ठिकाणी सगळे जमतात असे नाही, म्हणून थोडे वर-खाली फिरवत राहावे. मुलांनी प्रत्येक केंद्राची वेळ, वारंवारिता, कॉलसाइन, देश आणि संकेताची गुणवत्ता वहीत लिहावी. वेळ आंतरराष्ट्रीय प्रमाणवेळेत लिहायची, म्हणजे भारतीय वेळेतून साडेपाच तास वजा करायचे. हा हिशेब पहिल्या अर्ध्या तासात सगळे चुकतात.

अँटेनेबद्दल. ७ मेगाहर्ट्झचा अर्धतरंग डायपोल (अर्ध्या तरंगलांबीची, मधोमध जोडलेली तारेची अँटेना) सुमारे २० मीटर लांबीचा होतो. मधला भाग एका बांबूवर उंच आणि दोन्ही टोके खाली, अशा उलट्या 'व्ही' आकारात बांधला तर एकाच बांबूवर काम भागते. तारेची लांबी मुलांकडून काढून घ्यावी. मेगाहर्ट्झमधील वारंवारितेने १४३ ला भागले की मीटरमध्ये उत्तर येते, आणि १४.२ साठी तार निम्मीच का लागते हे त्यांना समजते. बांबू उभा करताना गाठी, ताण-दोर आणि खुंट्या यांचे सगळे काम स्काऊट आमच्यापेक्षा चांगले करतात, तेव्हा हॅम मित्रांना त्यात हात घालू देऊ नये. महावितरणच्या तारा जेथून दिसतात तेथे बांबू कोणत्याही बाजूला पडला तरी त्यांना लागणार नाही इतके अंतर असावे.

परतीच्या पावसाचा धोका मात्र गंभीर आहे. त्या दिवसांत विजांचे ढग बहुधा दुपारनंतर जमतात. मेघगर्जना ऐकू आली की संच बंद करून केबल संचापासून काढावी, ती खोलीबाहेर टाकावी आणि मुलांना पक्क्या इमारतीत न्यावे. 'अजून पाऊस लांब आहे' असे म्हणून एक संपर्क पुरा करण्याचा मोह कोणालाही होतो. म्हणून हा निर्णय हॅमनी घेऊ नये, स्काऊटमास्टरांनी घ्यावा. ट्रान्झिस्टर येथेही उपयोगी पडतो, कारण मध्यम लहरींवरची कडकड गडगडाट ऐकू येण्याच्या बरीच आधी सुरू होते.

उत्तर — रोव्हर (तरुण वयाचा स्काऊट), ठाणे

मी शाळेत असतानाच रिस्ट्रिक्टेड श्रेणीची परीक्षा दिली होती, म्हणून विद्यार्थ्याच्या बाजूने दोन गोष्टी मांडतो.

पहिली गोष्ट आकाशाची. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरून आपल्या डोक्यावरून दिवसातून काही वेळा जाते आणि त्यावर हौशी रेडिओ केंद्र आहे. त्याचा रिपीटर (आलेला संकेत पुन्हा प्रक्षेपित करणारा संच) ४३७.८०० मेगाहर्ट्झवर ऐकता येतो आणि कधीकधी १४५.८०० वर चित्रे पाठवली जातात. स्थानकाचा एक फेरा आपल्याला जेमतेम दहा मिनिटे ऐकू येतो. ते जवळ येत असताना वारंवारिता किंचित जास्त आणि दूर जाताना कमी भासते, म्हणून ४३७.८१० पासून सुरुवात करून फेरा संपेपर्यंत हळूहळू ४३७.७९० पर्यंत खाली यावे लागते. डॉप्लर परिणामाची व्याख्या मी आधी पाठ केली होती, पण ती कळली ती ही कळ फिरवताना. संधिप्रकाशात फेरा असेल तर तोच ठिपका डोळ्यांनीही दिसतो. रेडिओ केंद्र नेहमी सुरू असतेच असे नाही, त्यामुळे वेळापत्रक आधी पाहावे. जुलै २०२५ मध्ये भारतीय अंतराळवीर शुभांशू शुक्ला यांनी याच हौशी रेडिओच्या माध्यमातून स्थानकावरून बंगळुरूच्या यू. आर. राव उपग्रह केंद्रातील विद्यार्थ्यांशी संवाद साधला होता, हे सांगितले की मुलांच्या चेहऱ्यावर जो बदल होतो तो मी पाहिला आहे. इस्रोने ५ मे २००५ रोजी पीएसएलव्ही-सी६ मधून कार्टोसॅट-१ सोबत 'हॅमसॅट' हा खास हौशी रेडिओचा उपग्रह सोडला होता आणि तो २०१४ पर्यंत चालला, हीही माहिती शिबिरात जरूर द्यावी.

शेकोटीच्या वेळी सांगण्यासारखी एक खरी हकिगत आहे. डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद यांच्या नेतृत्वाखाली हॅमचा एक गट अंदमानातून जगभरच्या केंद्रांशी संपर्क साधण्यासाठी पोर्ट ब्लेअरला गेला होता. २६ तारखेला त्सुनामी आली आणि दूरध्वनी बंद पडले, तेव्हा छंदासाठी नेलेल्या त्याच संचांवरून बेटांवरच्या लोकांची खुशाली आणि मदतीचे निरोप मुख्य भूमीवर पोहोचवले गेले. 'मोबाइल असताना हे कशाला?' हा प्रश्न कोणी ना कोणी विचारतोच. त्याला ही हकिगत पुरेशी आहे. आपल्या पथकातील मुलांना या हकिगतीत नियंत्रण केंद्र, लेखी संदेश आणि परत वाचून दाखवणे हे सगळे ओळखीचे वाटेल, कारण गाईड कॅप्टनबाईंचा खेळ त्यांनी तोवर खेळलेला असेल.

दुसरी गोष्ट परीक्षेची. मराठी माध्यमाच्या मुलाला भौतिकशास्त्राची अडचण फारशी येत नाही. ओहमचा नियम, वारंवारिता आणि तरंगलांबी हे शाळेत येते. अडचण येते ती नियमांच्या भागाची, कारण त्याची भाषा कायद्याची असते. रिस्ट्रिक्टेड श्रेणीत प्रत्येक भागात किमान ४० टक्के आणि एकूण ५० टक्के गुण लागतात, म्हणून सिद्धान्तात भरपूर गुण मिळवून नियमांकडे दुर्लक्ष करण्याची युक्ती चालत नाही. आम्ही मुले नियम एकमेकांना प्रश्न विचारून पाठ करत असू. एकाने 'क्यूआरएम' हा रेडिओवरचा लघुसंकेत म्हणायचा, दुसऱ्याने 'इतर केंद्रांचा व्यत्यय' म्हणायचे, 'क्यूटीएच' म्हटले की 'ठिकाण'. शाळेच्या बसमध्ये हा खेळ चांगला रंगतो. अर्ज 'सरल संचार' या सरकारी संकेतस्थळावरून करायचा असतो. त्या वेळी लागू असलेले शुल्क आणि कागदपत्रे तेथेच पाहून घ्यावीत, कारण ऐकीव माहिती बहुधा जुनी असते. अर्जावरील नाव आणि जन्मतारीख शाळेच्या दाखल्याशी आणि आधारशी अक्षरशः जुळली पाहिजे. शाळेतील मुलांच्या बाबतीत अर्ज अडकतो तो बहुधा येथेच, आणि स्काऊटमास्टर सरांना दाखले एकत्रितपणे तपासणे सहज शक्य आहे.

उत्तर — गाईड कॅप्टन, कोल्हापूर

एक छोटी भर. ज्या केंद्रांना मुलांनी ऐकले आणि नीट नोंद केली, त्यांना ऐकल्याची खातरजमा करणारे कार्ड पाठवता येते. अनेक हॅम श्रोत्यांच्या अशा कार्डाला आपले क्यूएसएल कार्ड (खातरजमेचे पोस्टकार्ड) पाठवून उत्तर देतात. कार्ड मुलांनीच रंगवावे, त्यावर पथकाचे चिन्ह असावे, आणि मागे वेळ, वारंवारिता व ऐकलेल्या संभाषणातील एखादा तपशील असावा, म्हणजे समोरच्याला ते खरे असल्याचे पटते. मात्र कार्डावर मुलाचा घरचा पत्ता किंवा पूर्ण नाव लिहू देऊ नये. शाळेचा पत्ता आणि पथकाचे नाव पुरेसे आहे. उत्तर यायला काही आठवडे किंवा महिने लागतात. जी कार्डे येतील ती ज्या मुलाने नोंद केली त्याच्या नावाने पथकाच्या फलकावर लावावीत, आणि पुढच्या वर्षी परीक्षेला कोण बसणार हे विचारायचे असेल तर त्याच आठवड्यात विचारावे.